सहावीच्या वर्गात माझं पोट

मी विमा कंपनीत नोकरी करतो आणि लोकांच्या आजारपणाचे कागद तपासणं हे माझं काम आहे. माणूस दवाखान्यातून बरा होऊन घरी गेला की त्याची फाइल माझ्या टेबलावर येते. त्यामुळे शरीरातले बरेच अवयव मला माहीत आहेत, पण ते कापून काढल्यानंतरचे. पित्ताशयाशी माझी ओळख अशीच झाली, अपेंडिक्सशीही. जो अवयव मुकाट्याने आपलं काम करतो तो माझ्याकडे कधी येत नाही. म्हणून माणसाच्या पोटात सगळं सुरळीत असतं तेव्हा आत नक्की काय चालतं, याचा विचार करायची वेळ चाळिशी उलटेपर्यंत माझ्यावर आली नव्हती. ती माझ्या मुलीने आणली.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. मुलगी पाळण्यात असतानाच आम्ही कोल्हापूर सोडलं, ती वाढली इंदूरला, आणि तिचं सहावीचं वर्ष अर्धं झालेलं असताना, दिवाळी संपता संपता, माझी बदली जयपूरला झाली. मालवीय नगरात एका घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली. गॅस आला, इंटरनेट आलं, दूधवाला ठरला. मला वाटलं, झालं, संसार लागला. पोरीच्या मैत्रिणी इंदूरलाच राहिल्या आहेत, हे सामान उतरवताना माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यापासून तिचा शाळेचा डबा भरलेलाच परत यायला लागला. विचारलं की एकच उत्तर, "भूक नव्हती." बायकोने आधी भाजी बदलली, मग डबा बदलला, आणि मग एक दिवस मुलीलाच फैलावर घेतलं. तेव्हा कळलं. वर्गात डबा खायचे कंपू केव्हाच ठरलेले होते. कोण कुणाशेजारी बसणार, कोण कुणाचं लोणचं पळवणार, सगळं पक्कं. हिला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. एकटीने डबा उघडला की सगळा वर्ग आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटायचं आणि घास घशाखाली उतरायचा नाही. म्हणून ती डबा उघडायचीच नाही. नळावर जाऊन पाणी पिऊन सुट्टी संपायची वाट बघायची.

सकाळी एक कप दूध, आणि दुपारी घरी आल्यावर कसेबसे चार घास. पोरगी वाळत चालली होती. गणवेशाचा पट्टा एक भोक आत गेला, मग आणखी एक. बायको माझ्याकडे अशी बघायची की जणू बदलीची ऑर्डर मीच टाइप करून मीच सही केली होती. मी म्हणायचो, होईल सवय. हे वाक्य मी ज्या आवाजात म्हणायचो तो आवाज मला स्वतःलाच आवडत नव्हता.

अशात एका शुक्रवारी ती शाळेतून आली आणि दप्तरही न काढता म्हणाली, "बाबा, एक गडबड झाली."

गडबड अशी झाली होती. विज्ञानाच्या बाई पचनसंस्था शिकवत होत्या. कुणाच्या घरी डॉक्टर असतील तर त्यांना सोमवारी एक तास शिकवायला बोलवू या, असं त्या म्हणाल्या. वर्गात सगळे गप्प. आणि महिनाभर तोंड न उघडलेल्या आमच्या कन्येने हात वर केला.

"पण मी डॉक्टर नाही," मी म्हटलं.

"मला माहितीये ना! मतलब, मी फक्त म्हटलं, मेरे पापा. तर मॅडमनी विचारलं, डॉक्टर हैं? आणि सगळ्यांनी मागे वळून बघितलं, बाबा. सगळ्यांनी. मग माझी मान अशी अशी हलली." तिने ती हलवून दाखवली. होकारार्थीच होती.

खोटा दावा पकडणं हा माझा धंदा आहे. पंधरा-वीस वर्षांत मी भल्याभल्यांचे पकडले आहेत. तिला चार शब्द सुनवायला मी तोंड उघडलं होतं, पण बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले. मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. आधी ती फक्त नवीन मुलगी होती. सोमवारी ती खोटं बोलणारी नवीन मुलगी झाली असती, आणि मग तिच्याशेजारी दहावीपर्यंत कुणी बसलं नसतं. "जातो मी," मी म्हटलं.

"फक्त डॉक्टर आहे असं म्हणू नको," ती म्हणाली. "आणि नाही असं पण म्हणू नको."

शनिवारभर मी तिचं पुस्तक घेऊन बसलो. एका मोठ्या कागदावर पचनसंस्था काढली. माझी चित्रकला बेताची आहे. यकृत चपलेसारखं दिसत होतं आणि आतडी कुणीतरी सांडल्यासारखी. पण भाषण मात्र मी झकास तयार केलं. शरीर म्हणजे एक कार्यालय, तोंड म्हणजे आवक विभाग, जठर म्हणजे छाननी, लहान आतडं म्हणजे मंजुरी, मोठं आतडं म्हणजे निकाली प्रकरणं. मला स्वतःलाच ते इतकं आवडलं की मी बायकोला दोनदा म्हणून दाखवलं.

"अहो, पोरं झोपतील की," ती म्हणाली. मी दुर्लक्ष केलं. घरच्यांना किंमत नसते.

रविवारी खालच्या मजल्यावरच्या घरमालकांकडे सवामणी होती. त्यांच्या मुलाला नोकरी लागली होती. सवामणी म्हणजे नवस फेडण्याचं जेवण. मनासारखं काही झालं की मारुतीला सव्वा मण नैवेद्य दाखवायचा, आणि मग तो नातेवाईक, शेजारी, भाडेकरू, जो सापडेल त्याला खाऊ घालायचा. मी सापडलो. गच्चीवर सतरंज्या अंथरून पंगत बसली होती, पुढ्यात पत्रावळी. ऊन छान होतं. दाल, चुरमा आणि बाटी. बाटी म्हणजे कणकेचा भाजलेला गोळा, तुपात बुडवून काढलेला. एक खाल्ली की माणसाला बरं वाटतं. दोन खाल्ल्या की झोप येते.

आता यात एक पेच आहे. लहानपणापासून माझ्यावर दोन संस्कार झालेत. पानात काही टाकायचं नाही, आणि पंगत उठल्याशिवाय उठायचं नाही. आणि इथला संस्कार असा की पाहुण्याची पत्रावळ रिकामी दिसली तर तो अजून भुकेला आहे, आणि त्याला तसंच बसू देणं ही घरच्यांची बेअब्रू. त्यांनी वाढलं म्हणून मी पान स्वच्छ करायचो, आणि पान स्वच्छ दिसलं म्हणून ते वाढायचे. मी पानावर हात आडवा धरला. त्यावर वाढणारे काका प्रेमाने हसले आणि माझा हात बाजूला व्हायची वाट बघत बाटी घेऊन तिथेच उभे राहिले. दोन चांगल्या घरांचे संस्कार समोरासमोर उभे ठाकले होते आणि मधे माझं पोट होतं.

शेवटी घरमालक स्वतः आले. "अरोगो सा, साहब, म्हारे हाथ से," म्हणजे माझ्या हातचं खा, असं म्हणत त्यांनी चुरम्याचा लाडू थेट माझ्या तोंडात घातला. माझ्या शेजारी मुलगी अर्धी बाटी चिवडत बसली होती. पलीकडच्या बायकांच्या पंगतीतून बायको मला खुणेने विचारत होती की हे काय चाललंय. मला मान हलवणंही अवघड झालं होतं. जिना उतरताना मी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं.

"भाई साहब, आप तो हाथ जोड़ लेते," घरमालक मागून म्हणाले. "हम समझ जाते. हमने सोचा, भूख ही नहीं मिट रही."

त्यानंतर मी काही खाल्लं नाही. सोमवारी सकाळी नुसता चहा घेतला आणि कागदाची गुंडाळी काखेत मारून शाळेत गेलो.

विज्ञानाच्या बाईंनी दारातच "आइए, डॉक्टर साहब" म्हणून स्वागत केलं. मी हसलो. होही म्हटलं नाही आणि नाहीही. मुलगी शेवटच्या बाकावर एकटी बसली होती आणि बाकाच्या लाकडात काहीतरी वाचत होती. मी चित्र फळ्यावर लावलं आणि माझ्या हिंदीत कार्यालय उघडलं. आवक विभागापर्यंत पोरं माझ्याकडे बघत होती. छाननीपर्यंत निम्मी खिडकीबाहेर गेली. मंजुरीच्या टप्प्यावर पुढच्या बाकावरचा एक जण माझ्या यकृताकडे बोट दाखवून शेजाऱ्याला "चप्पल, चप्पल" म्हणत होता, आणि दोघं खिदळत होते. बायकोचं म्हणणं खरं ठरतंय, याचा मला जास्त राग आला.

तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. "अंकल, आपने कितने ऑपरेशन किए हैं?"

सगळा वर्ग जागा झाला. मी मागच्या बाकाकडे बघितलं. माझ्या मुलीने डोळे मिटून घेतले होते.

"एक भी नहीं," मी म्हटलं. "मी डॉक्टर नाही. मी विमा कंपनीत आहे. डॉक्टरांचे कागद वाचतो. आता रोज डॉक्टरांच्या चुका काढत बसल्यामुळे मी घरी इतका रुबाब करतो की माझ्या मुलीला लहानपणापासून वाटत आलंय, मी डॉक्टरच आहे. तिची काही चूक नाही. मीच तिला कधी सांगितलं नाही."

हे मी हिंदीत आणि धडधडीत खोटं बोललो. माझ्या टेबलावर असं प्रकरण आलं असतं तर मी ते दोन मिनिटांत फेटाळलं असतं. बाईंच्या चेहऱ्यावर काय भाव आणावा हे त्यांना कळेना. वर्ग एकदम शांत झाला.

आणि त्या शांततेत माझं पोट वाजलं.

साधंसुधं वाजलं नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी लोखंडी कपाट ओढत न्यावं तसा आवाज, आणि तो संपतोय असं वाटतानाच शेवटी एक लांबलचक शीळ. क्षणभर कुणालाच कळलं नाही की हे कुठून आलं. मग कळलं. बाकं बडवून पोरं हसायला लागली. बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. माझ्या मुलीने डोकं बाकावर टेकवलं आणि दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

"अंकल, भूख लगी है क्या?" चपलेवाल्या पोराने विचारलं.

खरं म्हणजे भूक नव्हती. काल दुपारपासून मला अन्नाचं नावही नको होतं. मग आत हे काय चाललं होतं? मी पोटावर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा चालू असलेल्या अवयवाचा विचार केला.

"काल मी किती बाट्या खाल्ल्या, ओळखा," मी म्हटलं.

त्यानंतर कार्यालयाचं नावही निघालं नाही. आम्ही सगळे मिळून एका बाटीच्या मागे लागलो. दातांनी तिचा चुरा केला, लाळेने तिला भिजवलं. कुठलीही पोळी बराच वेळ चावत राहिलं तर गोड लागायला लागते, कारण पिठाची साखर करायचं काम लाळ तोंडातच सुरू करते, असं सांगितल्यावर अर्धा वर्ग रिकामं तोंड हलवायला लागला. मग घास अन्ननळीत जातो, पण तो विहिरीत दगड पडावा तसा पडत नाही. नळी त्याला वरून आवळत आवळत खाली ढकलते. माणूस उलटा टांगला तरी घास पोटाकडेच जाईल. हे ऐकून एक पोरगा लगेच बाकावर हात टेकून पाय वर करायला निघाला. त्याला बाईंनी आवरलं.

जठरात बाटी काही तास घुसळली जाते. तिथलं आम्ल इतकं तेज असतं की जठराला स्वतःच्याच भिंतीला आतून चिकट अस्तर लावून घ्यावं लागतं. तुपाचं जेवण असलं की मुक्काम वाढतो, आणि तुपाचे बारीक बारीक थेंब करायला यकृत पित्त पाठवतं. ते साठवायची पिशवी मला फार चांगली माहीत होती, म्हणून तिच्याबद्दल मी जरा जास्त बोललो. मग लहान आतडं. "तुमच्या दादाजींचा साफा केवढा असतो?" मी विचारलं. साफा म्हणजे इथला फेटा. नऊ मीटर, असं तिघाचौघांनी एकदम सांगितलं. "लहान आतडं सहा-सात मीटर. तेवढं कापड घडी घालून इथे बसवलंय." मी बेंबीवर थाप मारली. "आतून ते मखमलीसारखं असतं. त्या मखमलीचे बारीक बारीक तंतू बाटीतलं सगळं कामाचं शोषून रक्तात पाठवतात. उरलेला चोथा मोठ्या आतड्यात जातो. तिथे त्यातलं पाणी काढून घेतात, आणि पुढचं तुम्हाला रोज सकाळी माहीतच आहे."

पुढचं ऐकून वर्गाला इतका आनंद झाला की दोन मिनिटं मला थांबावं लागलं.

"और आवाज़?" चपलेवाला काही ते सोडायला तयार नव्हता.

"आत हवा आहे, पाणी आहे. आतडी त्यांना पुढे ढकलतात. आणि जठर बराच वेळ रिकामं असलं की ते गप्प बसत नाही, उरलंसुरलं पुढे लोटत झाडून काढतं. आता झाडणं चाललंय."

"हम सुन सकते हैं?"

 मी फळ्यावरून माझं चित्र उतरवलं, गुंडाळून त्याची नळी केली आणि एक टोक पोटावर टेकवलं. यकृत, आतडी, सगळं आत गेलं. चित्राचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला. पण पुढच्याच क्षणी चाळीस पोरं माझ्यावर धावून आली, आणि मी फळ्याला पाठ लावून, शर्ट दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.

"हटो! लाइन से आओ!"

तो आवाज माझ्या मुलीचा होता. ती शेवटच्या बाकावरून उठून पुढे आली होती. डोळे लाल होते, नाक लाल होतं. मला वाटलं, ही आता माझा हात धरून मला बाहेर काढणार. तिने माझ्या हातातून नळी घेतली.

"मेरे पापा का पेट है," ती म्हणाली. "धक्का दिया तो कोई नहीं सुनेगा।"

आणि ऐकलं सगळ्यांनी. रांग लागली. आधी कोण, मग कोण, हे ती ठरवत होती. नळी कुठे लावायची तेही तीच दाखवत होती. "इधर नहीं, ये तो बड़ी आंत है, इधर लगाओ." धडा तिला माझ्यापेक्षा चांगला येत होता. एका मुलीला आत कबुतरं ऐकू आली. एकाला काहीच ऐकू आलं नाही, त्याला परत रांगेच्या शेवटी पाठवण्यात आलं. तिच्या दोन्ही बाजूंना दोन मुली रांग सरळ ठेवायच्या कामावर आपणहून उभ्या राहिल्या होत्या. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. मी नुसता भिंतीसारखा उभा होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

नळी कानाला लावता लावता एका बारक्या मुलीने विचारलं, "अंकल, पेपर के दिन खाना अंदर क्यों नहीं जाता?"

"कारण पोट आणि डोकं एकमेकांशी जोडलेली आहेत," मी म्हटलं. "भीती वाटली, एकटं वाटलं की तोंड कोरडं पडतं, पोट आपलं काम थांबवतं. अशा वेळी शेजारी कुणी असेल तर..."

माझ्या मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तिथेच थांबलो आणि घंटाही झाली.

ऑफिसात त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. दुपारी बायकोचा फोन आला. "लवकर या. पोरगी पोट धरून पडलीये."

मी सिग्नलच्या तांबड्या-हिरव्याकडे न बघता घरी आलो, हे मी इथे सांगायला नको. ती पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि कण्हत होती. बायको वाटीत हिंग कालवत शेजारी बसली होती. तिचा चेहरा मला वाचता येईना.

"काय झालं? काय खाल्लं?"

"सगळं," बायको म्हणाली.

मधल्या सुट्टीत त्या दोन मुली तिच्या बाकावर आल्या होत्या. बापाचं पोट वाजतं तसं लेकीचंही वाजतं का, हे बघायला. त्यांच्यामागे आणखी चार आल्या. डबा उघडला गेला, थालीपीठ तिला एक तुकडाही न मिळता संपलं, आणि मग प्रत्येकीने आपल्या डब्यातलं तिच्यापुढे धरलं.

"एकीकडे मिर्ची वडा होता," ती कण्हत म्हणाली. "मग कचोरी. मग गट्ट्याची भाजी, तिखट होती. मग नूडल्स. मग परत कचोरी... आई गं. आणि मग तो मुलगा आहे ना, तुझ्या लिव्हरला चप्पल म्हणत होता, त्याने पूर्ण शक्करपारे दिले. बाबा, कुठे दुखतंय हे? जठर का आतडं?"

"दोन्ही," मी म्हटलं आणि तिच्या बेंबीभोवती हिंग चोळायला लागलो. महिन्याभरात पोट एवढंसं झालं होतं. आज ते टणक, फुगलेलं, गच्च भरलेलं होतं. हाताखाली आत काहीतरी गुरगुरलं.

"उद्या त्यांना थालीपीठ पाहिजे," ती डोळे मिटून म्हणाली. "जास्त दे आई. सात जणी आहोत आम्ही."

आम्ही, असं म्हणाली ती. बायकोने माझ्याकडे बघितलं. मग वाटी खाली ठेवून तिने तोंड फिरवलं. मला आधी वाटलं ती रडतेय, आणि रडतच होती, पण मग तिला हसू फुटलं, आणि तिचं बघून मलाही. आम्ही तोंडावर हात दाबून धरले, तरी आवरेना.

"इथे मी मरतेय," मुलगी संतापून उठून बसली, "आणि तुम्ही दोघं हसताय?"

तिला खरंच दुखत होतं. आम्ही हसतच राहिलो.